वहीतली फाडलेली पानं

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालणारी. मोटर बसवलेली नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, कारण हल्ली कुणीही उठतं आणि स्वतःला मशीन म्हणवून घेतं. माझा जन्म लुधियान्याचा. तिथल्या कारखान्यात मला ओतलं, घासलं, काळा रंग दिला आणि वर सोनेरी वेलबुट्टी काढली. ती वेलबुट्टी झुंबरबाईच्या मनगटाने घासून कधीच गेली. गेली तर गेली. कामाच्या बाईच्या अंगावर नक्षी टिकत नाही, आणि टिकली तर मला तिच्या कामाचाच संशय येतो.

झुंबरबाई ही माझी पहिली मालकीण. श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टी गावात, तिच्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी तिने मला बसवलं. बाई दुसरी शिकलेली. पण तिची जीभ आणि माझी सुई यांत धार कुणाला जास्त, यावर आळीत पैजा लागायच्या. माझ्या बोलण्यात जे तिखट आहे ते तिचं आहे आणि त्याची मला लाज नाही. शिक्षण माझंही तेवढंच. टेपवरचे आकडे मला कळतात, अक्षरं कळत नाहीत. मी जे सांगणार आहे ते ऐकलेलं आहे, आणि मित्रांनो, एका जागेवर चाळीस वर्षं उभं राहिलेल्याइतकं नीट कुणी ऐकत नाही.

झुंबरबाईची एक मापाची वही होती. गावातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं त्यात एक पान. छाती, कंबर, खांदा, बाही, आणि खाली वर्षावर्षाने बदललेले आकडे. लग्न, बाळंतपण, आजारपण, उपास, सगळं त्या आकड्यांत यायचं. वही माझ्या फळीवरच असायची. एका बाईचा आकडा झुंबरबाईने दुसरीला कधी सांगितला नाही. एकदा एकीने हसत हसत जावेचं माप विचारलं, तर बाईने तिला तिचंच माप मोठ्यांदा वाचून दाखवलं. पुन्हा कुणी विचारलं नाही.

बाई गेली. मी तिच्या सुनेकडे आले. सुनेचं नाव राजेश्वरी. हात सासूइतका साफ, बोलणं मात्र कमी. नवरा बजरंग उसाच्या ट्रकवर; कारखाना सुरू झाला की महिने महिने घराचं तोंड बघत नाही. मुलगी निकिता नगरला, सावेडीत खोली करून शिकते. म्हणजे घरात कोण, तर राजेश्वरी आणि मी. मी बोलते ते तिला कळत नाही. तिचं मला कळतं, पण ती बोलत नाही. अशी आमची जोडी.

दिवाळीच्या सुट्टीत निकिताने आईला मोबाईलवर ब्लॉग काढून दिला. मला वाटलं नवा टाका असेल काहीतरी. निकिता म्हणाली, "आई, ही तुझी भिंत समज. हिच्यावर तू लिहायचं. ज्याला वाचायचं तो वाचंल."

"आणि कुणी न्हाई वाचलं तर?"

"तर भिंत कुठं पडतीय?"

तेव्हापासून तो मोबाईल माझ्या अंगाला टेकून उभा राहू लागला. ज्या जागी दोऱ्याचं रीळ असायचं, तिथे हा उपटसुंभ. मला राग आला होता. पण मालकिणीचा पाहुणा, काय करणार.

राजेश्वरीने पहिला लेख लिहिला. लिहून झालं की मोठ्याने वाचायची तिला सवय, म्हणून मलाही ऐकावं लागलं. "शिवणकला ही भारतातील एक प्राचीन व थोर कला होय." मित्रांनो, मी शिवणकलेतच जन्म काढला, तरी मला पुढचं ऐकवेना. तो लेख पाच जणांनी वाचला. त्यात एक निकिता, दोन तिच्या मैत्रिणी, आणि उरलेल्या दोनदा राजेश्वरी स्वतःच. दुसरा लेख "वेळेचे महत्त्व". तिसरा "स्त्री जीवनातील सुई". निकिताचा फोन आला, "आई, हे तू लिहितेस का शाळेचं पुस्तक लिहितंय?"

राजेश्वरीने आठ दिवस लिहायला मोबाईल हातात घेतला नाही. मग एका दुपारी एक बाई चार ब्लाऊजची कापडं माझ्यावर आदळून "उद्या सकाळी पाहिजेत" म्हणून निघून गेली. राजेश्वरी इतकी चिडली की तिने मोबाईल उचलला आणि त्याच्यात बोलतच सुटली. मी काय यंत्र आहे का, आणि असलं तरी ते पायाने चालतं, माझ्याच पायाने, आणि तो पाय संध्याकाळी सुजतो, असं सगळं. जसं बोलली तसंच चढवलं. दुसऱ्या दिवशी चाळीस जणांनी वाचलं होतं. बारा जणींनी खाली लिहिलं होतं, की आमच्याकडेही अशीच एक आहे.

तिथून तिला वाट सापडली. शिवताना जे करायची तेच लिहिताना करू लागली. आधी कच्चा टाका घालायचा, मग मोठ्याने वाचायचं, आणि जिथे जीभ अडेल तिथे बिनदिक्कत उसवायचं. "अत्यंत", "खरोखर", "मनाला स्पर्शून" असले शब्द आले की ती स्वतःच हसायची आणि काढून टाकायची. लेखाच्या शेवटी वाचणाऱ्यांना एक प्रश्न विचारायची, की तुमच्याकडे बाहीला काय म्हणतात, तुमच्या आईने शिवलेलं एखादं कापड अजून आहे का. लोक उत्तरं द्यायचे. ती प्रत्येकाला उलट उत्तर द्यायची, नाव घेऊन. दुसऱ्यांचे ब्लॉगही वाचायची आणि तिथे जाऊन चार शब्द लिहायची. शिर्डीला फुलांच्या हारांचं दुकान चालवणारी पूजा नावाची एक पोरगी होती, ती हारांबद्दल लिहायची. त्या दोघींचं असं जमलं की रोज दुपारी एकमेकींचं वाचल्याशिवाय राहायच्या नाहीत. भेट मात्र कधी नाही.

आणि माझी चाल मंदावली. पूर्वी दिवसाला चार ब्लाऊज उतरायचे, आता दोन. आलेल्या बाया बसून राहायच्या आणि राजेश्वरीची मान मोबाईलवर. त्या बाया मला पाहून बोलायच्या, कारण दुसरं कोण होतं. माझा पट्टा ढिला झाला तरी आठ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. चाकावर धूळ बसली. तक्रार करत नाही, सांगते आहे.

आता जे घडलं ते ऐका. लंकाबाई नावाची सत्तरीची बाई आमची जुनी गिऱ्हाईक. झुंबरबाईच्या वेळेपासूनची. तिच्यापुढे तलाठीसुद्धा खुर्ची सरकवून उभा राहायचा, असा तिचा दरारा. ती झंपर शिवायला आली. राजेश्वरीने टेप लावला आणि वहीत बघितलं. दीड वर्षापूर्वी छाती अडतीस होती. मग पस्तीस. आता बत्तीस. राजेश्वरी काही बोलली नाही. लंकाबाईही बोलली नाही. कापड ठेवलं आणि गेली.

त्याच दुपारी राजेश्वरीने लेख लिहिला. मित्रांनो, खोटं सांगणार नाही, लेख चांगला होता. तिने आतापर्यंत लिहिलेल्यांत सगळ्यांत चांगला. बाईचं नाव बदलून सुभद्रा केलं होतं. गाव बदललं होतं. वहीतले तीन आकडे एकाखाली एक दिले होते आणि शेवटी लिहिलं होतं, "घर भरलेलं आहे, ताट वाढलेलं आहे, मग ही माय दर मापाला कुठे निघून चालली आहे?" त्यात माझंही नाव आलं होतं. मी फुगले. तिला थांबवायचं सुचलं असतं तरी मला तोंड नाही, पण खरं सांगायचं तर सुचलंही नाही.

सगळं बदललं, एक गोष्ट बदलायची राहिली. लंकाबाईचं लुगडं. त्या लुगड्याचा रंग, त्याचा काठ, आणि पदराला चुलीची ठिणगी पडून झालेलं, राजेश्वरीने स्वतः रफू केलेलं भोक, ते सगळं जसंच्या तसं उतरवलं होतं. आमच्या गावात बाई पाठमोरी चालली तरी लुगड्यावरून ओळखतात, तोंड नंतर बघतात. हे राजेश्वरीला माहीत नव्हतं असं नाही. तिला वाटलं, वाचणारे लोक लांबचे आहेत. तो रंग मी तुम्हाला सांगणार नाही. राजेश्वरीने एकदा जगाला सांगितला, तेवढा पुरे.

लेख सहाशे जणांनी वाचला. त्यांतल्या कुणीतरी तो गावातल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्याच्या कापडी पालापाशी एकीने लंकाबाईच्या सुनेला, अश्विनीला, सगळ्यांदेखत म्हटलं, "अगं, सासूला जरा पोटभर घालत जा. पेपरात यायला लागलं आता."

अश्विनी तिथून थेट आमच्याकडे आली. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही.

"आत्याबाईंचं कापड द्या."

"अश्विनी, बस तरी. मी नाव लिहिलं नव्हतं गं."

"नावाचं काय करू मी. मी त्यांना ताट भरून वाढते, रोज. ते तुमी बघायला आला हुता का कधी?"

राजेश्वरीने कापड दिलं. तिने घडीसुद्धा उलगडून बघितली, कुठे कात्री लागली का. मग म्हणाली, "आणि त्यांचं वहीतलं पान पण फाडून द्या."

पान फाडल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. झुंबरबाईच्या हातचे आकडे होते त्यावर.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. "आमचं पण दे फाडून. उद्या आमच्या लुगड्याचं लिहिशील." मग रोज एखादी. कुणी भांडून, कुणी हसून, कुणी नुसता हात पुढे करून. पंधरा दिवसांत वही इतकी बारीक झाली की फळीवर आडवी ठेवली तर वाऱ्याने उघडायची. माझ्यासमोरच्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीत कुणी बसेना. माझं पायडल दिवसदिवस हललं नाही.

आणि मोबाईल मात्र वाजत होता. राजेश्वरी माझ्या स्टुलावर बसून मोठ्याने वाचायची. "ताई, काय लिहिता तुम्ही." "डोळ्यांत पाणी आलं." "पुढचा लेख कधी?" एकेक वाचायची आणि खुर्चीकडे बघायची, जणू तिथे कुणी बसलं आहे. खुर्ची रिकामी. एवढं कौतुक मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि एवढी शांतताही. तिने उत्तरं देणं हळूहळू बंद केलं. एकदा वाचता वाचता थांबली आणि मला म्हणाली, हो, मलाच, "शंभर जणी बोलत्यात आणि घोटभर पाणी मागायला एक न्हाई." मला उत्तर द्यायचं होतं. माझ्याकडे शब्द नाही, नुसता खडखडाट आहे, आणि तोही कुणी पाय मारल्याशिवाय होत नाही.

मग एका दुपारी शिर्डीच्या पूजाचं आलं. सगळ्यांनी स्तुती केली होती तिथेच खाली, एकच ओळ. "ताई, हे त्या आजींना वाचून दाखवलंत का?"

राजेश्वरीने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मोबाईल पालथा ठेवला. चप्पल घातली आणि गेली. अर्ध्या तासाने परत आली, घामाघूम. लंकाबाई अंगणात बसली होती म्हणे. हिला बघून उठली नाही, हाकललंही नाही. एवढंच म्हणाली, "हितं नको. सुनंच्या डोळ्यांपुढं नको. मी येते."

आली दुसऱ्या दिवशी. त्या खुर्चीत बसली. पाणी दिलं ते तसंच ठेवलं.

"वाच."

"मावशी, मी काढूनच टाकते."

"काढशील गं. आदी वाच. मला वाचता येत न्हाई. मी गावाच्या तोंडून ऐकलं, तुझ्या तोंडून न्हाई."

राजेश्वरीने वाचला. जो लेख सहाशे जणांना आवडला, तो एका बाईपुढे वाचताना तिची जीभ तीन ठिकाणी अडली. मी मोजलं.

लंकाबाईने पदर नीट केला. मग म्हणाली, "सून उपाशी ठेवती, असं कुठं लिव्हलंस?"

"न्हाई लिहिलं, मावशी."

"मग गावानं वाचलं कसं?"

राजेश्वरीने मोबाईलवरच्या ओळींवरून परत बोट फिरवलं.

"तू जागा सोडलीस म्हणून. ताट भरलंय म्हणलीस, बाई वाळली म्हणलीस, आन मधलं ठेवलंस मोकळं. मोकळ्या जागंत लोक शिरत्यात. टेप लावलास तवा विचारायचं हुतंस की मला, मावशी, का वाळलीस. जीभ झडली हुती का?"

"आता विचारू?"

लंकाबाईने ठेवलेल्या पाण्यातला एक घोट घेतला. मग सांगितलं. तिची जाऊ होती, छबूबाई. दोघी एका वर्षात त्या घरात आल्या. गडीमाणसं, पोरं, सगळे जेवले की ह्या दोघी मागे एका ताटात बसायच्या. बेचाळीस वर्षं. ताट एकच, कारण तेव्हा भांडी कमी होती. पुढे भांडी झाली तरी ताट एकच राहिलं. दीड वर्षापूर्वी पोळ्याच्या आधी छबूबाई गेली.

"सून भरून वाढती," लंकाबाई म्हणाली. "तिचा काय दोष. मीच निम्म्यावर थांबते. हातच पुढं जात न्हाई. पलीकडलं निम्मं तिचं असतंय."

राजेश्वरीने डोळे पुसले तशी लंकाबाई करवादली, "रडू नकोस. रडलीस की परत लिव्हशील."

लेख त्याच वेळी काढला. सहाशे जणांनी वाचलेला, तिच्या हातचा सगळ्यांत चांगला. राजेश्वरीने विचारलं, त्याच्या जागी काय लिहू. लंकाबाई म्हणाली, जावेचं लिहायचं नाही, ते तुझ्या कानाला दिलं, मोबाईलला नाही. सुनेचं तेवढं लिही. (मीही ते तुमच्या कानालाच दिलं आहे, पुढे नेऊ नका.) मग दोघी बसल्या. राजेश्वरी ओळ लिहायची, वाचायची. म्हातारी म्हणायची, "हे काढ, लई गोड झालं." "हे माफी मागतीस का आरती करतीस?" अर्ध्या तासात पंधरा ओळींच्या चार राहिल्या: "मी विचारलं नव्हतं. त्या घरात ताट भरलेलं असतं. चूक माझ्या लिहिण्याची, त्या घरातल्या कुणाची नाही. यापुढे ज्याचं लिहीन त्याला आधी वाचून दाखवीन."

"हे झालं लांबच्यांचं," लंकाबाई उठत म्हणाली. "भाजीच्या पालापाशी जे बोललं गेलं ते तितंच जाऊन फेड."

बाजाराच्या दिवशी राजेश्वरी गेली. त्या सकाळी घरात मी एकटी. काय झालं ते मी पाहिलं नाही, म्हणून रंगवून सांगणार नाही. परत आली तेव्हा तिच्या हातात मेथीची जुडी होती आणि चेहरा उतरलेला. स्टुलावर बसली, माझा पट्टा ओढून बसवला, चाकावरची धूळ पदराने पुसली, सगळ्या भोकांत तेल सोडलं. किती महिन्यांनी. मग कापडाशिवाय नुसतंच पायडल मारत राहिली.

ब्लॉगवरच्या लोकांचं सांगायचं तर काही निघून गेले. त्यांना वाळलेली माय हवी होती. जे राहिले ते राहिले. पूजा राहिली. ती आता लिहिण्याआधी राजेश्वरीला फोनवर वाचून दाखवते आणि ही तिला. दोघी एकमेकींचं इतकं उसवतात की कधी कधी लेखच उरत नाही. तरी आठवड्याला एक निघतो आणि मी ऐकते, तो पूर्वीपेक्षा घट्ट असतो.

गावातल्या बाया मात्र सगळ्या आल्या नाहीत. काहींनी श्रीगोंद्याला शिवायला टाकलं. वहीतली कितीतरी पानं अजून नाहीत, आणि झुंबरबाईच्या हातचे आकडे आता कुणाच्या चुलीत गेले कुणास ठाऊक. मला दुपारी त्याची आठवण येते. खुर्ची अजून बऱ्याचदा रिकामी असते.

महिन्याभराने अश्विनी आली. या वेळी आत आली, खुर्चीत बसली. मांडीवर दोन कापडं.

"हे आत्याबाईंचं, हे माझं. माझं माप परत घ्या. वाढलंय."

"कसं काय गं?"

"कसं म्हणजे. त्यांनी मला ताटात घेतलंय. पलीकडलं निम्मं मला संपवायला लावत्यात. न्हाई खाल्लं की बोलत्यात. मी काय छबूआत्यांएवढी खाणारी हाय का?" ती कुरकुरत होती आणि हसत होती.

राजेश्वरीने टेप लावला. आकडा मोठ्याने बोलली नाही. वहीत नवीन पान काढलं. मग विचारलं, "आणि मावशींचं? त्या आल्या न्हाईत मापाला?"

"त्या म्हणल्या, माप घ्यायचं काम न्हाई. अडतीसचंच शिव म्हणावं."

"अगं, ढगळ हुईल. खांद्यावरून उतरंल."

"मी पण तेच म्हणलं. तर म्हणल्या, उतरू दे. भरंल."

मित्रांनो, मी अडाणी मशीन. तुम्हाला लिहायचं कसं ते शिकवायची माझी ऐपत नाही. लिहा, खूप लिहा, लांबच्यांना वाचू द्या. पण ज्या माणसाचं माप तुमच्या हातात विश्वासाने आलं, त्याच्यासमोर बसून आधी एकदा मोठ्याने वाचा, आणि जीभ अडली तर तिथे उसवा. घरात माझ्यासारखी कुणी जुनी उभी असेल तर तिलाही महिन्यातून एकदा तेल घाला. ती मागणार नाही.

आता मला वेळ नाही. अडतीसचं झंपर सुईखाली आलं आहे, आणि राजेश्वरीने पायडलवर पाय ठेवला आहे.